पाळण्यातला वरवंटा

अख्ख्या रायगड जिल्ह्यात भौतिकशास्त्रालाच कुणी घाम फोडला असेल, तर तो माझ्या थोरल्या मेव्हणीनं. बाकी माणसं त्या विषयाला घाबरतात. मी तर पुस्तकातला तो उतारावरून घसरणारा ठोकळा आठवला की अजूनही पंख्याखाली जाऊन बसतो. ताईंच्या दहिवलीच्या घरात मात्र घाबरायची पाळी ठोकळ्यावर येते.

बारावी विज्ञानाला असतानाच ताईंचं लग्न झालं आणि परीक्षा राहिली ती राहिलीच. लेक नोकरीला लागल्यावर, पन्नाशीला टेकता टेकता, त्यांनी ती उकरून काढली. शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या मुलांचा एक ऑनलाइन वर्ग शोधून त्यात नाव घातलं. वर्गाचा नियम असा, की विद्यार्थ्यासोबत पालक हवा. ताईंनी शांतपणे आपल्या आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मोबाइलसमोर बसवलं. पालकसभेत बाकीच्या आया मार्कांची चौकशी करायच्या, सासूबाई विचारायच्या, "आमची पोर एका जागी बसते का हो सर? लय घाई हाय तिला." सर वयानं ताईंच्या लेकीएवढे. बिचारे गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "प्रगती आहे, आजी."

घाई मात्र खरी. ताई चालतात ते गाडी सुटल्यासारखं. चहा गार व्हायची वाट बघणं त्यांना जमत नाही, आणि तो गार का होतो हे त्या सांगायला लागल्या की आपला गार होतो. एकदा कर्जतच्या बाजारात मी स्कूटरला ब्रेक मारला तशा त्या मागून माझ्या पाठीवर आदळल्या आणि आनंदानं ओरडल्या, "बघितलंत भावजी, जडत्व!" मी घाबरून विचारलं, "लागलं का?" तर म्हणाल्या, "मला नाही. पण तुम्ही जागचे हलला नाहीत. तुमचं जडत्व माझ्यापेक्षा जास्त आहे." भाजीवाली माझ्या पोटाकडे बघून हसली. खोपोलीला गेलो की डोंगरावरून वीजकेंद्रात उतरणाऱ्या पाण्याच्या पाइपांना ताई हात जोडतात. मी तोवर वडापावची गाडी शोधत असतो.

परीक्षेला बसायचं तर आधी सरांसमोर स्वतः एक प्रयोग करून दाखवायचा होता. नाही दाखवला तर वर्ष गेलं. आणि नेमकं त्याच दुपारी खालापूरजवळच्या माहेरी त्यांच्या धाकट्या भावाच्या मुलीचं बारसं! ताई पडल्या आत्या. कानात नाव सांगायला दुसरी कोण चालणार? तेव्हा त्यांनी वर्गच बारशाला आणला. मोबाइल स्टँडवर लावला आणि पडद्यावर सर नि सगळी मुलं पाळण्यासमोर हजर.

आमच्याकडे बाळाच्या आधी वरवंटा कुंची घालून पाळण्यात ठेवतात. ताईंचं म्हणणं एवढंच, की आत वरवंटा असो की बाळ, झोक्याला वेळ सारखाच लागतो. पण ते दाखवायचं तर पाळणा एकदा सोडून हात काढायला हवा, आणि पाळणा दिसल्यावर दोरी न ओढणारं माणूस आमच्या कुळात अजून जन्मलेलं नाही. दगडाला झोका द्यायची कुणाला पडली नव्हती, म्हणून वरवंट्याच्या झोक्यांची वेळ घड्याळावर बिनबोभाट मोजून झाली. बाळाला ठेवलं, शेजारी बसलेल्या काकूंचा हात दोरीवर गेला आणि गोंधळ सुरू झाला.

"काकू, हात काढा!"

"अगं, पोर रडल ना!"

"पाळना असा मोकळा सोडत्यात का गं बाय?"

पुन्हा पहिल्यापासून. मग मामींनी गाणं म्हणता म्हणता ओढला. त्यानंतर तर मीच ओढला, निव्वळ सवयीनं. ताईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते. पडद्यावरून सर हळूच म्हणाले, "ताई, वेळ संपत आलाय."

तेव्हा कोपऱ्यातून सासूबाई उठल्या. "कोनी हात लावायचा नाय. गानं बी बंद. माझ्या पोरीची परीक्षा हाय." त्यांनी पाळणा स्वतःकडे ओढला, सोडला, आणि हात मागे घेतले.

घर चिडीचूप झालं. पाळणा येत राहिला, जात राहिला. बाळसुद्धा गप्प. आढ्याच्या कडीची करकर तेवढी ऐकू येत होती. ज्या खोलीत मी आजवर फक्त जेवलो होतो, तिथं गाभाऱ्यात उभं असल्यासारखे मी हात जोडले. वेळ आला तो वरवंट्याएवढाच, फरक असला तर केसाएवढा.

"निष्कर्ष?" सरांनी विचारलं.

"वजनानं फरक पडत नाही, सर. दोरीच्या लांबीनं पडतो."

"बसा परीक्षेला," सर म्हणाले. पडद्यातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

सासूबाई दोरीकडेच बघत होत्या. "मंग तुझी दोरी मीच आखूड बांधली गं बाय. लग्नाची घाई मलाच झाली व्हती."

ताईंनी डोळे पुसले. "आखूड दोरीचा पाळणा भराभर हलतो, आई. म्हणून तर मला एवढी घाई आहे."

मग त्या बाळाच्या कानाशी वाकल्या. बायकांच्या बुक्क्या पाठीवर पडून संपल्या तरी त्या वाकलेल्याच होत्या. नाव तर दोनच अक्षरी. आणखी काय सांगत होत्या, ते विचारायचा धीर मला अजून झालेला नाही. भाची आता चालायला लागली आहे, पाळणा माळ्यावर गेलाय. कडी मात्र आढ्याला तशीच आहे. तिच्याखालून जाताना मी आपोआप हात खिशात घालतो.