सुमनसुत म्हणजे आमचा सदूभाऊ

दीड महिन्यापूर्वी सकाळी वहिनींचा फोन आला, "शैलाताई, ह्ये गेलं ओ..." आणि मी चक्क म्हणाले, "द्या त्यांच्याकडं फोन, बस्स झाला चावटपणा!" कारण सदाशिव चौगुले, आमचा सदूभाऊ, यानं यापूर्वी दोनदा आवाज बदलून स्वतःच्याच मरणाची बातमी मला दिली होती. पलीकडून वहिनींचा हुंदका ऐकू आला, तेव्हा कळलं, ही थट्टा नव्हे.

मी रेडिओवर निवेदिका आणि तो विनोदी श्रुतिका लिहिणारा. पुढं सिनेमाचे संवाद आणि गाणीही लिहू लागला. पण लिहिलेलं थेट कुणाच्या हातात द्यायचा नाही. आधी कसबा बावड्यात पांडूतात्यांच्या सलूनमध्ये बाकावर बसून मोठ्यानं वाचायचा. तात्या कधी हसत नसत. मात्र ज्या वाक्याला त्यांचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबे ते वाक्य राहायचं, बाकीच्यावर काट! सदूभाऊ म्हणायचा, "हसलं तर गिऱ्हाइकाचा कान जाईल की, म्हणून थांबत्यात. थांबलं म्हंजे पास!" एकदा सोमवारी सलून बंद, म्हणून न वाचताच श्रुतिका दिली. ती अशी सपशेल पडली की आठवडाभर तो मला तोंड दाखवीना.

आई गेली तेव्हा त्यानं तिच्यावर गाणं लिहिलं. ते मात्र तात्यांपुढं वाचलं नाही. एका निर्मात्यानं ते सिनेमात घेतलं, पण म्हणाला, "चौगुले, पडद्यावर तुमचं नाव दिसलं की पब्लिक आधीच हसायला लागेल." सदूभाऊनं आईचं नाव पुढं केलं आणि गीतकार झाला 'सुमनसुत'. गाणं गाजलं. जोतिबाच्या डोंगरावर नारळ-गुलालाच्या दुकानांतसुद्धा वाजायचं. आणि ते खोटं नाव रेडिओवर वर्षानुवर्षं मीच सांगत राहिले. एकदा चिडून म्हणाले, "आज सांगूनच टाकते!" तर माझा हात धरला त्यानं. "नगं शैले. मला हसलेलं चालतंय. आईच्या गाण्याला कुणी हसलं तर सोसायचं न्हाय मला." मी शब्द दिला. देऊ नये तो दिला, असं आज वाटतं.

गेल्या आठवड्यात राजारामपुरीत शोकसभा झाली. एका वक्त्यानं नेमकं तेच गाणं वाजवलं आणि म्हणाला, "सुमनसुतांसारखं काळजातलं लिहिणं वेगळं. आपल्या सदूभाऊंनी जन्मभर नुसतं हसवलं." माझं डोकंच फिरलं! पण शब्द आड येत होता. मी शेजारी बसलेल्या वहिनींकडं पाहिलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि एवढंच म्हणाल्या, "सांगा." मी उठले, माईक घेतला. "सुमनसुत म्हणजे सदाशिव चौगुले. हे गाणं त्याच्या आईचं आहे."

आणि सभा हसली... खो खो हसली! लोकांना वाटलं, त्याचाच एखादा विनोद मी सांगतेय. आयुष्यभर तो ज्याला भ्याला, ते मी माझ्या हातानं घडवून आणलं होतं. पण माईक सोडला नाही. "हसून झालं का?" मी विचारलं आणि शेवटचा आवाज थांबेपर्यंत तशीच उभी राहिले. मग रेडिओवर सांगत असे तसं, सावकाश म्हणाले, "गीतकार, सदाशिव चौगुले," आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.

या वेळी कुणी हसलं नाही.