मुहूर्त चुकवणारी वहिनी

बिल्डर फसवायला निघाला होता माझ्या वहिनीला, सुनीताला. गेल्या अक्षय्य तृतीयेला, भर दुपारी, पिंपळवंडीत, नव्या रो-हाऊसच्या घरभरणीत.

भुताखेतांच्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. घर घेताना लोक कसे नाडले जातात, यावर मी आमच्या ग्राहक संघटनेची पत्रकं वाटते. माझ्या लेखी भूत एकच — बिल्डर.

वहिनीच्या आईबापांचं घर डिंभे धरणात गेलं. स्वतःच्या नावाचं दार एवढंच तिला हवं होतं. बिल्डरने ताबा द्यायला नेमका मुहूर्ताचा दिवस धरला. आपल्याकडे हे हमखास चालतं... पूजा मांडलेली, पावणे जमलेले, भटजी घड्याळ बघतायत. अशा वेळी फरशी ठोकून कोण बघणार?

शेजारच्या मावशींकडून भरून आणलेला हंडा वहिनीने स्वयंपाकघरात टेकवला आणि खालून आवाज आला. रहाट कुरकुरला, मग बादली पाण्यावर आपटली. हंडा उचलला — शांत. टेकवला — पुन्हा तेच.

“पाइपलाइनचा असंल, ताई,” बिल्डर म्हणाला.

“नळ कुठं जोडलाय अजून, भाऊ?”

दादा कासावीस. “अगं, मुहूर्त टळतोय. सही कर, किल्ली घे.”

“टळू द्या. वन्सं, तुमची पत्रकं ठेवा बाजूला अन् कान लावा इथं.”

मी लावला. मलाही स्पष्ट ऐकू आलं.

“फरशी फोडा,” वहिनी म्हणाली. “त्याबिगर सही न्हाई. पावणं जेवत्यात तवर हुईल.”

कंपाउंडचं काम करणाऱ्या गवंड्याने फरशी काढली. खाली दगडी गोल कठडा. विहीर, वरवर राडारोडा टाकून बुजवलेली. पहार मारली ती मुठीपर्यंत आत गेली. एखाद्या पावसाळ्यात ओटा, गॅस, माणसं, सगळं खाली बसलं असतं.

पण विहीर कोरडी ठाक. ना रहाट, ना दोर, ना पाणी.

मावशी आमरसाच्या पंगतीतूनच म्हणाल्या, “विहीर व्हती की. रहाट तर मी लगीन होऊन आले तवाच न्हवता. आमाला कुणी इचारलंच न्हाई.”

वहिनीने सही केली नाही. सगळ्या पंगतीसमोर बिल्डरकडून त्याच रांगेतलं टोकाचं घर कबूल करून घेतलं, तेही आधी जोत्याशी खणून बघून. आणि राहायला गेली चक्क पितृपक्षात. कुणी नाक मुरडलं की म्हणते, “पायाखाली जमीन हाय, तेवढं बास.” अशी बाई मी आमच्या एकाही सभेत पाहिली नाही.

आवाज मी मोबाइलवर रेकॉर्ड केला होता. त्यात फक्त भटजींचे मंत्र ऐकू येतात. का, ते आजही सांगता येत नाही.

तुम्ही मात्र आवाजाची वाट बघू नका. किल्ली घेण्याआधी शेजारच्या ओट्यावर जाऊन बसा आणि विचारा, इथं आधी काय होतं? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका. मुहूर्त चुकला तर चुकू द्या.