इंजिनाची आंघोळ

माझे सासरे आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी एक जुनी फायबरची होडी घेतली. तंजावरकडचं हे मराठी घराणं. पिढ्यान्‌पिढ्या कुणी समुद्रात गुडघ्याच्या वर गेलेलं नाही. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मी साताऱ्याची, मला खाडीतसुद्धा बोट लागते, तरी हौसेने बरोबर जायची.

होडीच्या मागे टांगायचं इंजिन रविवारी आमच्याबरोबर डिकीतून घरी येई. मग घरचा नियम: आधी इंजिनाची आंघोळ, मग माणसांची. पार्किंगमध्ये ते लाकडी घोड्याला अडकवायचं, खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवायचा आणि चालू करायचं. पाणी आतून फिरून बाजूच्या भोकातून पिचकारीसारखं उडतं. खारं पाणी आत राहिलं तर धातू खातं, म्हणून या बाबतीत मामंजी सोवळ्यातल्या भटजींपेक्षा कडक.

तरीही इंजिन गंजत होतं. पिचकारी बारीक झाली, मग नुसते थेंब. दोनदा ते भर खाडीत तापून बंद पडलं आणि कोळ्यांनी आम्हाला दोरीने ओढत आणलं. दुसऱ्या वेळी काठावर सासूबाई उभ्या होत्या.

"येत्या रविवारी नाही चाललं, तर होडीसकट भंगारात," त्या म्हणाल्या.

मामंजी दोरी गुंडाळू लागले. मला फार वाईट वाटलं. निवृत्तीनंतर खुर्चीत मिटून बसलेल्या माणसाला त्या होडीनेच उठवलं होतं.

शनिवारी आम्ही दोघांनी इंजिन उघडलं. बोल्ट हलेनात. तेल सोडलं, हलकेच ठोकलं, शेवटी मी ठेवणीतल्या सातारी शिव्या काढल्या. बोल्ट त्यांनीच सुटले असं माझं ठाम मत आहे. आत पाण्याच्या वाटा पांढऱ्या खपल्यांनी बुजल्या होत्या.

"इतकं धुऊन हे असं?" मामंजींनी हातातला पाना खाली ठेवला.

सासूबाई कॉफी घेऊन आल्या होत्या. त्यांनी वाकून नखाने एक खपली काढली.

"न्हाणीतल्या नळाला बसतं तेच हे. कुठल्या पाण्यानं धुता?"

"बोअरच्या."

"उप्पु तण्णीनं उप्पु जातं होय?"

तमिळात उप्पु म्हणजे मीठ आणि तण्णी म्हणजे पाणी. आमच्या घरात दोन पाणी. बोअरचं खारट, धुण्याभांड्याला. टँकरचं गोड, पिण्याला आणि स्वयंपाकाला. ते कुडमांत, म्हणजे रंगीत प्लॅस्टिकच्या घागरींत भरलेलं आणि त्यावर सासूबाईंचा पहारा. त्या पाण्याने पाय धुतले म्हणून माझ्या नवऱ्याने लहानपणी मार खाल्ला आहे. ते इंजिनाला घालावं हे मामंजींच्या स्वप्नातही आलं नव्हतं. म्हणजे समुद्राचं मीठ आम्ही इमानेइतबारे मिठाच्याच पाण्याने धूत होतो! मी हसत सुटले. मामंजी मात्र हसले नाहीत, रविवार उद्यावर आला होता.

व्हिनेगर ओतून खपल्या विरघळवल्या, वाटा तारेने मोकळ्या केल्या, बोल्टना ग्रीस लावून सगळं पुन्हा बसवलं. राहिलं रिकामं पिंप. उन्हाळ्याचे दिवस, टँकरचा भरवसा नाही. मामंजी एकदा जिन्याकडे बघत, एकदा पिंपाकडे, पण मागायला काही धजेनात.

तेवढ्यात जिन्यावरून सासूबाईच उतरल्या, कमरेवर कुडम. पिंपात ओतला आणि दुसरा आणायला वळल्या. मी मागे धावले. पिंप भरेपर्यंत आमच्या फेऱ्या चालल्या.

मामंजींनी दोरी ओढली. इंजिन खोकलं, गुरगुरलं, आणि पिचकारी उडाली ती थेट सासूबाईंच्या साडीवर. त्या मागे सरल्या नाहीत. एक बोट धारेत धरून त्यांनी जिभेला लावलं.

"चोखोट," त्या म्हणाल्या. त्यांच्या भाषेत फक्कड. "आता भंगारबिंगार नको. माझं पाणी आहे त्याच्या पोटात."

मामंजी इंजिनावर वाकून काहीतरी पुसत राहिले. पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई पहिल्यांदा होडीत बसल्या, डोळे गच्च मिटून. मांडीवर भरलेला कुडम होता, काठाला लागल्या लागल्या इंजिनाला पाजायला.