व्याध, खडेमीठ आणि तायडे गुरुजी

चहा गार झाला तरी चालेल, पण हे ऐकाच. माणूस स्वतःच्या हाताने स्वतःचं हसं कसं करून घेतो ते पाहायचं असेल, तर माझ्याकडे पाहा! आणि हसंही साधंसुधं नाही हो. शास्त्रशुद्ध, दुर्बिणीसकट!

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. मी इंझोरीजवळच्या एका गावात विज्ञान शिकवायचो. एकटा जीव, लग्नाचं वय उलटत चाललेलं आणि नाद काय, तर दुर्बिणीचा! काच घासून घासून आरसा मी घरीच बनवला होता. नळकांडं मंगरूळपीरच्या टिनवाल्याकडून करून घेतलं. मास्तरांना चुलीवर धुराडं बसवायचंय, असं तो बिचारा शेवटपर्यंत समजत होता.

आणि त्यात मी प्रेमात पडलो. वाशीमच्या शिक्षकांच्या शिबिरात सुनंदा तायडे दिसली आणि माझी झोप उडाली. खरं सांगतो, करीन तर हिच्याशीच, नाहीतर दुर्बीण घेऊन असाच राहीन, इथपर्यंत मजल गेली होती.

अडचण एकच. तिचे वडील!

रिसोडचे तायडे गुरुजी म्हणजे रिटायर हेडमास्तर, विषय गणित आणि विज्ञान, आणि स्वभाव फूटपट्टीसारखा. धम्मदीक्षा घेतली त्या दिवसापासून घरात ना देव, ना अंगारा, ना पंचांग. आदल्याच वर्षी कारंज्याचा चांगला नोकरीवाला मुलगा त्यांनी दारातून परत पाठवला होता. का? तर त्याच्या मनगटावर काळा दोरा दिसला! माझ्या मनगटावर फक्त घड्याळ होतं, म्हणून मी निर्धास्त होतो.

मी मागणी घातली आणि गुरुजींचा निरोप आला, "पोरगं दुर्बीण बनवते म्हणे. मी येतो पाहाले. पोरगीही येईल, तिनंही पोराले पाह्यलं पाह्यजे."

झालं! माझ्या अंगात वारं शिरलं. चंद्र काय, कोणीही दाखवतो. मी ठरवलं, व्याध ताऱ्याचा प्रकाश फोडून दाखवायचा! म्हणजे असं बघा, ताऱ्याचा उजेड लोलकातून नेला की इंद्रधनुष्यासारखा पट्टा होतो, आणि त्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा दिसतात. तारा कशाचा बनलाय ते त्या रेघा सांगतात. फक्त रंगांच्या जागा आधी पक्क्या कराव्या लागतात. त्यासाठी सोपा उपाय म्हणजे जाळात मीठ टाकायचं. मिठाने जाळ पिवळाधम्मक होतो आणि दुर्बिणीत एकच पिवळी रेघ उमटते, रोज त्याच जागी. ती सापडली की बाकीचं ओघानं आलं.

आता तयारी. चंद्राचा उजेड नको, म्हणून जानेवारीतला अमावास्येचा रविवार धरला. व्याध संध्याकाळीच पूर्वेला वर येतो, म्हणून वेळ तिन्हीसांजेची. स्पिरिटचा दिवा फारच मिणमिणता, म्हणून पेटती शेगडी. आणि मीठ तेव्हा घरोघरी असायचं तेच, खडेमीठ.

तुमच्या लक्षात येतंय ना? माझ्या नाही आलं!

चार दिवस आधीपासून मी अंगणात तालीम सुरू केली. लांबट नळकांड्याला दव लागू नये म्हणून दुपटं गुंडाळलेलं. जाळाचा उजेड नेमका आत शिरावा म्हणून मी पळीत निखारे घेऊन दुर्बिणीच्या तोंडासमोर गोल गोल फिरवत होतो आणि मधूनच मुठीने मीठ टाकत होतो. मीठ तडतड, तडतड!

कुंपणापलीकडून शेजारच्या गिरजाबाई कडेवर रडका नातू घेऊन पाहत होत्या.

"अव माय! सर, दुर्बिनीची दिष्ट काढून राह्यले का?"

"नाही हो काकू! हे विज्ञान आहे."

"मंग मीठ कायले?"

वर्गात प्रश्न विचारला की मी खुलतो, हा माझा जुना रोग. मी सविस्तर सांगितलं. "या मिठावरून कळते, की ताऱ्यात काय आहे."

"इतक्या दूरचं?"

"इतक्या दूरचं!"

गिरजाबाई विचारात पडल्या. "मंग हे पोट्टं त जवळच आहे. याच्यात काय शिरलं ते नाई कळनार का?"

तेवढ्यात त्या पिवळ्या जाळाकडे पाहून नातवाने रडणं थांबवलं. टक लावून पाहत राहिला. गिरजाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दोन बाया आल्या, तिसऱ्या दिवशी पाच. मी प्रत्येकीला सोडियम समजावून सांगत होतो, आणि जितकं समजावावं तितकी त्यांची श्रद्धा वाढत होती!

निदान तेव्हा तरी आवरतं घ्यायचं. पण मला गल्लीत अंधार हवा होता. मी गिरजाबाईंना म्हटलं, "काकू, रविवारी सांजच्याला तुमच्या सगळ्यांचे लाईट बंद ठेवता का?"

"आवसेले?"

"हो, आवसच पाह्यजे. अंधार लागतो."

"बराबर आहे," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "ठेवतो बंद. पन आमाले काय?"

"तुम्हीही या ना! पोरांनाही आणा. सगळ्यांना दाखवतो."

हे वाक्य मी बोललो. याच तोंडाने! मला वाटलं, तारे पाहायला गल्ली जमेल, गुरुजींवर छाप पडेल, काय म्हणतील गुरुजी, की वा, गावात विज्ञान पोचवलं पोराने!

रविवार उजाडला. संध्याकाळी गल्ली काळीठिक्कर झाली. मी दुर्बीण लावली, शेगडी पेटवली आणि वळून पाहतो तर काय! अंगणात पंधरा-वीस बाया ओळीने बसलेल्या. प्रत्येकीच्या मांडीवर एक पोर आणि हातात एक पुडी.

"काकू, पुडीत काय आहे?"

"मोहरी, मिरच्या. तुमी नुसतं मिठावर भागवता, म्हनून आमीच आनल्या."

"अहो, नको, टाकू नका!"

पण पहिल्या पुडीने निखाऱ्यांवर उडी घेतली होती. मग दुसरी. मग कोणी मागे कशाला राहील? असा ठसका उठला की सांगता सोय नाही. पोरं खोकतायत, बाया खोकतायत, मी दुर्बिणीला मिठी मारून खोकतोय. आणि त्या धुरातून, एसटीतून उतरून चालत आलेली दोन माणसं अंगणात शिरली.

"जयभीम," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनाही खोकला आला.

"ज... जयभीम, गुरुजी! हे तुम्ही समजता तसं नाही."

"मी अजून काही समजलोच नाही, मास्तर. तुमी काय करून राह्यले, ते सांगा पहिले."

मी तोंड उघडायच्या आत गिरजाबाई पुढे सरसावल्या. माझ्या भल्यासाठीच हो! "गुर्जी, लय गुन आहे सरांच्या हाताले! माह्या नातवाचं रडनं चुटकीसरशी बंद केलं."

गुरुजींचा चेहरा काळ्या दोऱ्याच्या दिवशी असाच झाला असणार. सुनंदा पदराने डोळे पुसत होती. हसू लपवतेय की मिरचीचं पाणी पुसतेय, ते मला कळेना. गुरुजींनी पिशवी काखोटीला मारली. "चाल, सुनंदा. शेवटची गाडी भेटते."

"गुरुजी, एकदा! फक्त एकदा व्याध पाहा!" माझा आवाज रडवेला झाला होता. लाज वाटायची वेळ केव्हाच गेली होती. समोर सुनंदा निघाली होती हो!

गुरुजी थांबले. मी धावत दुर्बिणीशी गेलो. डोळ्यांतून धारा लागलेल्या, अंगणभर धूर. पूर्वेला मोकळ्या रानापलीकडे एक ठिपका लखलखत होता. धरला! लोलक बसवला. अहाहा, काय पट्टा! तांबडा, पिवळा, हिरवा, निळा! "या गुरुजी, हा व्याध!"

गुरुजींनी चष्मा पुसला आणि डोळा लावला. बराच वेळ पाहत राहिले.

"मास्तर, रंग झकास आहेत."

माझा जीव भांड्यात पडला.

"पन काळी रेघ एकही नाही. ताऱ्याचा उजेड असा सलग नसते." त्यांनी डोळा काढला आणि नुसत्या डोळ्यांनी नळकांड्याच्या दिशेला पाहिलं. "तिकडं काय आहे?"

"तिकडे? तिकडे आमची शाळा."

"मंग हा तुमच्या शाळेतला लाईट आहे."

शाळेतल्या विज्ञानाच्या अंधाऱ्या खोलीत दिवा लावून मी दुपारी लोलक शोधला होता, आणि घाईघाईत दिवा तसाच जळता ठेवून आलो होतो! अख्ख्या गल्लीला लाईट बंद करायला लावले, आणि सगळ्या मुलखात जळणारा एकच बल्ब माझा! तोच मी होणाऱ्या सासऱ्याला तारा म्हणून दाखवला!

सुनंदाला आता राहवेना. ती खळखळून हसली, पुढे आली, नळकांडं हातभर वर आणि जरा उजवीकडे सरकवलं आणि म्हणाली, "बाबा, व्याध हा इथं आहे. या, रेघाही आहेत."

गुरुजींनी पाहिलं. रेघा होत्या. आणि मग तो फूटपट्टीसारखा माणूस माझ्या अंगणात गदागदा हसू लागला.

"पोरगं बुवाबाजीवालं नाही, हे नक्की. बुवा इतका बावळट राह्यला त त्याचं दुकान एक दिवस नाही चालनार! सुनंदा, तुह्यं काय म्हननं?"

"संभाळून घेईन, बाबा," ती म्हणाली.

तुम्ही म्हणाल, झालं की गोड! थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजाबाई दारात हजर. सोबत तिशी उलटलेला भाचा आणि हातात शेरभर खडेमीठ.

"सर, याचंही लगन जमवून द्या."

मी कपाळाला हात लावला. "काकू, किती वेळा सांगू? मिठाने काहीही होत नाही!"

गिरजाबाईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"काई होत नाई? मंग तुमच्यासारख्याले अशी पोरगी भेटली कशी?"