लेझरनं गेलेला चष्मा

मी पुण्याहून डिंगोऱ्याला पोचायच्या आधीच माझा चष्मा गेल्याची बातमी गावात पोचली होती. ती काकूनं पसरवली होती. चष्मा मात्र माझ्या पर्समध्येच होता.

मला केराटोकोनस आहे. त्यात बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं, आणि फळ्यावरची एक ओळ तीन ओळींसारखी दिसते. पुण्याच्या डॉक्टरांनी आधी लेझरनं बुबुळाचा खडबडीतपणा थोडा कमी केला. मग पिवळे थेंब घालून डोळ्यावर निळसर प्रकाश धरला. त्याला क्रॉस-लिंकिंग म्हणतात. त्यानं बुबुळ घट्ट होतं आणि आजार तिथेच थांबतो. "चष्मा राहणार. पण त्यातून आधीपेक्षा बरं दिसेल. आणि डोळे चोळायचे नाहीत," असं त्यांनी बजावलं होतं.

काकूला त्यातला लेझर हा एकच शब्द पुरला. आमच्या भावकीत लेझर हा डोळ्यांचा नाही, लग्नाचा उपचार आहे. पापड लाटावेत तसा तोही मुलीच्या लग्नाआधी उरकून घ्यायचा असतो. मुलीला आजार आहे म्हटलं की स्थळं फिरकत नाहीत, आणि चष्मा घालवला म्हटलं की लोक कौतुक करतात. मी घरातली कॉलेजला जाणारी पहिलीच, पण मोठ्यांना खोटं पाडायची मला सवय नाही. तरी एकदा सांगून पाहिलं.

"चारचौघांत चष्मा लावायचा नाय," काकू म्हणाली. "आमी सगळ्यांना सांगून बसलोय."

आई मान खाली घालून भाकरी थापत राहिली. ती घाबरली असावी, असं मला अजूनही वाटतं.

मग मी कॉलेजला जाताना जुन्नरच्या बसमध्ये बसल्यावर चष्मा लावायचे आणि परतताना गावच्या फाट्याआधी काढायचे. ज्या डोळ्यांसाठी एवढ्या वेदना सोसल्या, ते फक्त कॉलेजात वापरायची परवानगी होती.

ओझरला चुलत बहिणीचं लग्न होतं. तिथे एका स्थळाकडची माणसं मला 'सहज' बघणार होती. काकूनं कानात सांगितलं, "ती जांभळ्या लुगड्यातली मुलाची आई. जा, पाया पड."

मला जांभळं काहीतरी दिसलं. मी जाऊन मनापासून वाकले.

"अगं बाय, माझ्या कशाला पाया पडती? मी भात वाढायला आलीय!" ती बाई पातेलं सावरत हसली. पंगतीत हशा पिकला.

खरी मुलाची आई शेजारच्याच खुर्चीवर होती. "पोरीला दिसत न्हाई का काय?" तिनं विचारलं.

काकू लगेच म्हणाली, "छे हो! लेझर केलंय तिनं. लांबचं मांजर वळखती."

मांजराचं ऐकून मला काय झालं माहीत नाही. मी पर्समधून चष्मा काढला आणि लावला.

"अगं, चष्मा गेला व्हता ना?" कुणीतरी ओरडलं.

"गेला नव्हता, काकू. पर्समध्ये ठेवायला लावला होता," मी काकूकडे बघून म्हणाले. मग आजाराचं नावही सांगितलं. कुणाला ते नीट उच्चारता आलं नाही, पण चेहरे पडायला तेवढं पुरलं.

आता मला स्थळाचा मुलगाही दिसला. मांडवाच्या सावलीत, जेवतानासुद्धा, त्याच्या डोळ्यांवर काळा गॉगल होता. त्याला दिसतं का, हे कुणीच विचारलं नव्हतं.

ती माणसं जेवून निघून गेली. काकू अजून सांगते, चांगलं स्थळ पोरीच्या आगाऊपणानं गेलं. वर तिनं मला डोळ्यांत मध घालायला सांगितलं आहे, तेही कोवळ्या उन्हात बसून.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बससाठी निघाले. आई अंगणात भांडी घासत होती. काकूचं दार भिंतीपलीकडेच आहे. आई एरवी हळू बोलते. त्या दिवशी मात्र तिनं मान वर केली आणि विनाकारण मोठ्यानं विचारलं,

"चष्मा लावला का गं?"

"लावलाय," मीही तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले.