डेब्राचं वय

डेब्राला गावात कुणीच कधी पाहिलेलं नव्हतं, तरी तिच्या पन्नासाव्या वाढदिवसाला रेडिओ स्टेशनवर एकशे बारा शुभेच्छापत्रं आली. ती पत्रं निवेदक ऑर्लिन सँडविकनं घरी नेली आणि बायकोला, मार्लिसला, दाखवली. मार्लिस म्हणाली, "माझ्या पन्नासाव्याला चार आली होती. त्यातलं एक दातांच्या डॉक्टरचं."

एल्म लेक हे उत्तर मिनेसोटातलं गाव. ऑर्लिन तिथल्या स्टेशनवर सकाळी सहा ते नऊ बोलायचा. त्र्याण्णव साली शिकागोहून एक सल्लागार आला. बर्फात कुणी घालू नयेत असे बूट घालून आला आणि दोन दिवसांत तीनदा आपटला. त्यानं ऑर्लिनला समजावलं, की सगळ्या गावाशी बोलणं म्हणजे कुणाशीच न बोलणं. जाहिरातवाल्यांना हवीत पंचविसापासून चोपन्नपर्यंतची माणसं. त्यांतही बाई, कारण घरात काय आणायचं ते ती ठरवते. मग त्यानं मायक्रोफोनसमोर एक कार्ड चिकटवलं : 'डेब्रा. वय ३७. दोन मुलं : मुलगा १२, मुलगी १०. बँकेत अर्धा दिवस नोकरी. कायम घाईत.'

"फक्त हिच्याशी बोला," सल्लागार म्हणाला.

देशभरातल्या शेकडो निवेदकांसमोर अशा डेब्रा चिकटवलेल्या होत्या, आणि त्या सगळ्या कायम सदतीसच्याच राहिल्या. ऑर्लिनची चूक एवढीच, की तो सांगितलेलं काम मनापासून करणारा माणूस होता. वर्ष उलटल्यावर त्यानं पेन्सिलीनं ३७ खोडून ३८ केलं. बाईचं वाढलेलं वय नाकारणं त्याला उद्धटपणाचं वाटलं.

मग सुरूच झालं. डेब्राच्या मुलाचा हॉकीत हात मोडला. मुलगी कॉलेजला गेली. कार्डावर नवऱ्याचा पत्ता नव्हता. ऑर्लिननं तिला रॉन नावाचा एक अबोल, गोठलेल्या तळ्यावर गाडी नेऊन मासे पकडणारा, मासेमारीवेडा नवरा देऊन टाकला. "डेब्रा, रॉनला सांग, बर्फ पातळ झालाय, आज तळ्यावर गाडी नको नेऊस," असं तो सकाळी म्हणायचा, आणि गावातले खरे रॉन गाड्या मागे फिरवायचे. चर्चच्या तळघरात कॉफी पिताना बायका मार्लिसला विचारायच्या, "डेब्राचा गुडघा कसा आहे गं?"

"ह्यांना विचारा. माझा डावा दुखतो की उजवा ते ह्यांना ठाऊक नाही, तिचा बरोबर ठाऊक असतो."

अशी अठरा वर्षं गेली. दोन हजार अकराच्या मार्चमध्ये मॅनेजर कर्ट प्रिबिलनं ऑर्लिनला बोलावलं.

"ऑर्लिन, डायऱ्या निघाल्यात." दर वसंतात गावातल्या काही घरांना श्रोते मोजणाऱ्या कंपनीची एक छोटी वही टपालानं यायची. आठवडाभर काय ऐकलं ते त्यात लिहायचं, शेवटी आपलं वय लिहायचं आणि परत पाठवायची. त्या चार-दोन वह्यांवरून जाहिरातींचे दर ठरत, म्हणून त्यांच्यावर स्टेशनचं वर्ष अवलंबून असायचं. "तुमची डेब्रा आता किती वर्षांची?"

"येत्या सोमवारी पंचावन्न पूर्ण."

"म्हणजे सोमवारपासून ती आमच्या लेखी मेली. तिला परत सदतीसची करा."

"कशी करू? तिला नातू झालाय."

"नातू? कुठून आला नातू?"

"मुलीला झाला. थँक्सगिव्हिंगला."

"अहो, कार्डावर मुलगी दहा वर्षांची आहे!"

"होती."

कर्टनं डोळे मिटून घेतले. मग ड्रॉवरमधून नवं कार्ड काढलं : 'अॅश्ली. वय ३४. धावायला जाते. कॉफी पीत नाही.' "आठवडाभर हिच्याशी बोलून बघा. नाही जमलं, तर सकाळची वेळ दुसऱ्याला द्यावी लागेल. तुम्हाला पलीकडच्या खोलीत बसवू."

पलीकडच्या खोलीत त्याच मालकाचं दुसरं, दुबळं स्टेशन होतं. त्यावर पोल्का नाचाची जुनी गाणी, धान्याचे भाव आणि निधनवार्ता लागत. ते ऐकणाऱ्यांचं वय विचारायच्या भानगडीत कुणी पडत नसे.

सकाळची वेळ ऑर्लिनची सव्वीस वर्षांची. त्यानं अॅश्लीशी बोलायचा जिवापाड प्रयत्न केला. सोमवारी तो म्हणाला, "अॅश्ली, एवढ्या थंडीत धावायला निघालीस? टोपी घातलीस का?" मंगळवारी : "पोटात काही गरम नाही, नुसता हिरवा रस. आईला माहीत आहे का हे?" कर्टनं काचेतून दोन्ही हात डोक्याला लावून दाखवले.

बुधवारी हॉटडिश यायला लागल्या. त्या मुलखात एखाद्याचं नाव दोन दिवस निघालं नाही, की माणसं विचारपूस करत बसत नाहीत. खिमा, बटाटे आणि मश्रूमचं दाट सूप एकत्र भाजलेलं भांडं, म्हणजे हॉटडिश, त्याच्या दारात ठेवून येतात. डेब्राला दार नव्हतं, म्हणून भांडी स्टेशनात आली. गुरुवार संध्याकाळपर्यंत अकरा. कर्टनं दोन खाल्ल्या आणि म्हणाला, "हे सगळं पंचावन्नच्या पुढचं आहे. चवीवरून कळतं."

भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव असतं. भांडं धुऊन, स्वतः जाऊन परत द्यायचं असतं. शनिवारी ऑर्लिन आणि मार्लिस गाडी काढून निघाले. प्रत्येक दारात एकच प्रश्न.

"कशी आहे ती?"

तिसऱ्या घरी ऑर्लिन कळवळला. "डेब्रा खरी नाहीये हो, तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"आम्ही काय वेडे आहोत? पण आजारी आहे का?"

शेवटचं घर व्हर्ना टोलफ्सनचं. वय एकाहत्तर. तिनं कॉफी ओतली, मग दार लावून घेतलं आणि टेबलावर एक छोटी वही ठेवली. ती डायरी होती.

"मला आलीय," ती कुजबुजली. "सोमवारी, मंगळवारी, रोज तूच लिहिलास. आणि वय लिहिलंय सदतीस."

"व्हर्ना!"

"पास्टरला सांगू नकोस. तुझ्या कर्टला सदतीसचीच हवीय असं चर्चमध्ये कानावर आलं. ही घे म्हणावं."

मार्लिसनं नवऱ्याकडे पाहिलं. अशी एक वही म्हणजे गावातल्या कितीतरी बायकांचं मत. अशा दोन वह्या मिळाल्या, तर डेब्रा राहिली असती, सकाळ राहिली असती. ऑर्लिननं कपच दोन्ही हातांत धरला. वहीला हात लावायला तर स्टेशनच्या माणसाला बंदीच होती.

"व्हर्ना, तुला पाच नातवंडं ना?"

"सहा. आणि एक पणतू."

"मग ती सगळी कुठं जातील, तू सदतीसची झाल्यावर?"

व्हर्नानं चष्मा लावला, खरं वय लिहिलं आणि रागानं म्हणाली, "तुझं भलं करायला गेले, मेल्या."

"ठाऊक आहे. कॉफी फार छान झालीय."

गाडीत मार्लिसनं हातमोजे काढले. मग म्हणाली, "मला वाटलं, आज पहिल्यांदा खोटं बोलशील. माझ्यासाठी कधी नाही बोललास, निदान तिच्यासाठी तरी."

"वाईट वाटलं?"

"नाही. बरं वाटलं. तुला वाईट वाटलं का?"

"थोडं."

त्या भागात 'थोडं' म्हणजे रडायला आलंय असा अर्थ होतो. तिनं हीटर वाढवला.

सोमवारी ऑर्लिननं मायक्रोफोनसमोरचं जुनं कार्ड काढलं, बगलेत घेतलं आणि कर्टच्या दारात उभा राहिला.

"मी पलीकडे जातो."

"विचार केलात ना?" कर्ट म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. माणूस वाईट नव्हता. "तिकडचा टॉवर जुना आहे. तळ्याच्या पुढं काही ऐकू जात नाही."

"डेब्रा तळ्याच्या अलीकडेच राहते."

"अलीकडे? नक्की कुठं?" कर्टनं विचारलं, आणि विचारून झाल्यावर त्याचा त्यालाच राग आला.