हिलालच्या पिवळ्या गोळ्या

म्हसावदचा हिलाल हिवताप खात्यात होता. त्रेपन्न सालापासून ताप आलेल्यांना घरोघर जाऊन पिवळ्या गोळ्या द्यायच्या, हे त्याचं काम. गोळी कडूजहर. ती गिळवल्याशिवाय हा उंबरा सोडायचा नाही. "आ कर, जीभ दखाड!" पाटील असो की सालदार, सगळ्यांच्या तोंडात डोकवायचा. गोळी गालात दडवून जीभ दाखवायची कला अख्ख्या गावाला येत होती, हे एकट्या त्यालाच ठाऊक नव्हतं.

अठ्ठावन्न साली त्याची स्वतःची पोर, शोभा, हिवतापानं गेली. गोळ्या त्यानंच घरी आणून दिल्या होत्या. बायको दगूबाई म्हणाली, पोरीला दिल्या. त्यानं पोरीची जीभ काही बघितली नाही. घरच्या माणसावर कोण पहारा ठेवतो? तेव्हापासून गोळीवरचा त्याचा विश्वास उडाला. नोकरी होती म्हणून वाटत राहिला.

पासष्ट साली त्याच्याच गालात गाठ आली. तोंड जेमतेम बोटभर उघडायचं. मेहुणा गिरधर त्याला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर हाताबाहेर गेलाय, आता कापून उपयोग नाही. पण हिलाल कुठल्या खात्यातला, हे कळल्यावर त्यांना भलताच उत्साह आला. हिवतापाच्या त्याच गोळीतलं रसायन बदलून, त्याला दुसरं जोडून, ते गाठीवरचं नवं औषध तयार करत होते. उंदरांच्या गाठी आक्रसायला लागल्या होत्या.

"मंग माले द्या," हिलाल म्हणाला.

"माणसांना अजून देता येत नाही. काही वर्षं लागतील."

"उंदीरले देतस, आनि माले नही?"

डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मरणाऱ्या माणसाला असली आनंदाची बातमी द्यायला शिकलेलंच डोकं लागतं!

गिरधरनं अर्धंच ऐकलं. गावात येऊन सांगितलं, औषध त्या पिवळ्या गोळीतच आहे. झालं! हिलालवर माया सगळ्यांचीच. कुणी कणगीमागून, कुणी देव्हाऱ्यातून, न गिळलेल्या गोळ्या काढून आणल्या. खाटेवर ढीग पडला. बारा वर्षांची नोकरी त्या ढिगात होती. बदललेलं औषध वेगळं, हे नव्हे, असं तो सांगू बघत होता. पण गाठ वाढून आता तोंडातून शब्द फुटेना.

सगळे गेल्यावर दगूबाईनं पेटीच्या तळातून एक चिंधी काढली. गाठ सोडली. आत तशाच पिवळ्या गोळ्या.

"या आपली शोभान्या शेतस," ती म्हणाली. "कडू लागेत, रडे बिचारी. मी चिंधीमा बांधी ठी दिध्यात. मंग फेकाना धीर नही व्हयना. तुमले तरी कामे येतीन."

तिनं एक गोळी कुटली, चमच्यात पाण्याबरोबर कालवली आणि त्याच्या ओठांशी नेली.

"आ करा ना."

त्याचं तोंड बोटभर उघडत होतं. तेवढंही त्यानं मिटून घेतलं.